माझी करकर

मित्रांनो, मी एक म्हातारी खुर्ची आहे. चाकांवर फिरणारी, मागे रेलणारी, हातांवरचं रेक्झीन सोललेली. मला कोणी विचारलेलं नाही, पण म्हातारीला कुठे विचारावं लागतं? ती आपली बोलतेच. माझं दुखणं एवढंच की बोलायची खरी गरज होती, नेमकी तेव्हाच माझी वाचा बसली होती.

कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी तयार झाल्या. माझ्या पाठीतल्या स्प्रिंगमध्ये मात्र जन्मजात खोड होती. कोणी मागे रेललं की मी मोठ्याने करकरायचे. म्हणून चांगल्या कचेऱ्यांनी मला नाकारलं आणि मी एका टीव्ही स्टुडिओत, विनोदी कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या खोलीत येऊन पडले. खोली कसली, खुराडंच ते. दोन टेबलं, चहाच्या कपांचे गोल डाग, न उघडणारी खिडकी. तिथे दोघं लिहीत. एक ताई, आणि दुसरा ताडमाड उंच लेखक, ज्याला सगळे लंबू म्हणत. मी लंबूच्या वाट्याला आले.

लंबू लिहिताना पुढे वाकून बसायचा. ओळ मनासारखी उतरली की मोठ्याने वाचायचा आणि आपसूक मागे रेलायचा. मी करकरायचे. ताई मान वरही न करता म्हणायची, "वाजली. पुढचं घे."

हळूहळू तो खोलीचा नियमच झाला. निर्माते साशंक चेहऱ्याने विचारायचे, "लोक हसतील ना यावर?" लंबू गंभीरपणे सांगायचा, "खुर्ची वाजली आहे, साहेब. माणसं तोंडदेखलं हसतात. हिला कोणाची मुरवत नाही."

खरं सांगू? मला विनोदातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो मनातून खूश झाला की रेलायचा, आणि तो रेलला की मी वाजायचे. पसंती त्याचीच होती, आवाज तेवढा माझा. पण हे त्याला कधी उमगलं नाही, आणि मला सांगता येत नव्हतं. ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं होती.

मग एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या गंभीर मालिकेचा दिग्दर्शक आमच्या खोलीत खुर्ची मागायला आला. त्यांच्या मालिकेत बापाचं काम करणारा नट आजारी पडला होता. इकडे लंबूची दाढ ठणकत होती. तो गालाला हात लावून, डोळ्यांत पाणी आणून गप्प बसला होता. दिग्दर्शक बघतच राहिला. खुर्ची न्यायला आलेला माणूस खुर्चीसकट लंबूला घेऊन गेला.

प्रसंग असा होता की मुलगी इस्पितळात आहे आणि बाप घरी निरोपाची वाट पाहतो आहे. लंबूने काही केलं नाही. नुसता बसून राहिला, दाढ धरून. घराघरांत लोक ढसाढसा रडले.

झालं. पुढे त्याला दुसरं कामच मिळेना. बाप म्हटला की लंबू, आणि दुःख म्हटलं की लंबू. रस्त्यात बायका त्याचा हात धरून विचारायच्या, "मुलगी बरी आहे ना हो आता?" तो एखादी कोटी करायचा, तर त्यांचे डोळे आणखीच भरून यायचे. "बिचारा, दुःख लपवतोय," म्हणायच्या. लंबू घरी येऊन बायकोला म्हणायचा, "मी विनोद करतो आणि लोक रुमाल काढतात. काय करू गं मी?"

मला त्या मालिकेतल्या बापाच्या खोलीत ठेवलं होतं. पण तिथे शांततेला फार किंमत. आवाजाचं काम बघणारा माणूस वैतागला. "ही खुर्ची सगळा प्रसंग नासवते," म्हणाला. लंबू रंगपटात तोंडाला रंग लावत असताना सुताराने मला उलटं केलं, स्प्रिंग आवळली आणि सांध्यात चिकट ग्रीस ठासून भरलं. मी मुकी झाले. लंबूला कोणी सांगितलं नाही. खुर्चीची दुरुस्ती नटाला कोण सांगतं?

त्याच्या लक्षात आलं, पण त्याने भलताच अर्थ काढला. "शहाणी आहे," तो सगळ्यांना म्हणाला, "रडण्याच्या प्रसंगात तोंड उघडत नाही. विनोद आल्याशिवाय बोलायची नाही ती." मला वाटलं, कोणीतरी याला सांगा रे. कोणी सांगितलं नाही.

पुढे मालिकेतलं घर बदललं, तेव्हा लंबूने मला हट्टाने आपल्या घरी आणलं. घरात आता एक शिस्त होती. तो रडण्याचे प्रसंग पाठ करत असताना कोणी आवाज करायचा नाही. बायको भांडीसुद्धा अलगद ठेवायची.

आणि ताईचा फोन आला. आमचा जुना कार्यक्रम पुन्हा सुरू होणार होता. "पहिला भाग तू लिही," ताई म्हणाली. "जमला तर तू आणि मी, पूर्वीसारखे." मालिकेचा नवा करारही घरी येऊन पडला होता. त्यावर सही केली की पुन्हा कित्येक वर्षं रडणंच नशिबी. लंबूचा चेहरा उजळला. "खुर्ची घरीच आहे, ताई. ती सांगेल."

दुपारी तो बसला. पुढे वाकला, भराभरा लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग मोठ्याने वाचलं. दाराआड बायको चहा घेऊन उभी होती. हसू आवरेना, तशी तिने तोंडावर हात दाबला. कपातला चहा बशीत सांडला. आणि लंबू, कित्येक वर्षांनी, मनापासून मागे रेलला.

मी जीव खाऊन प्रयत्न केला. आवाज फुटला नाही.

तो तसाच थांबला. पुन्हा रेलला. मग कागद उचलले आणि फाडायला लागला.

बायको धावत आत आली. "अहो, फाडताय काय? मला किती हसू आलं."

"तू बायको आहेस. तू म्हणणारच."

"खरंच हसले हो."

"मग ऐकू कसं आलं नाही?"

"तुम्हीच सांगितलंय ना, घरात आवाज नको म्हणून."

त्याला ते पटलं नाही. त्याने ताईला फोन लावला. "दुसरं कोणी बघ, ताई. माझी खुर्चीसुद्धा वाजत नाही आता." ताईला वाटलं गंमत करतोय, ती खळखळून हसली. तोवर त्याने फोन ठेवला होता.

करारावर सही झाली. ताईला दुसरा लेखक मिळाला. कार्यक्रम चांगला चालला आहे म्हणतात.

परवा बायको मला पुसत होती. तिने माझी पाठ मागे दाबून पाहिली, सांध्यात बोट घातलं आणि ते काळं बोट घेऊन त्याच्यासमोर गेली. "अहो, हिला ग्रीस भरलंय. बघा."

लंबू त्या बोटाकडे बघत राहिला. मग येऊन माझ्यावर बसला. म्हणाला, "म्हणजे चांगलं होतं ते." बायको म्हणाली, "चांगलंच होतं." तो त्यातली एखादी ओळ आठवून बघत होता. आठवली नाही.

मित्रांनो, घरात काही वाजत असेल तर ते बंद करण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. आणि कोणी हसवलं, तर तोंडावर हात ठेवू नका. त्याला ऐकू जाईल असं हसा. तुम्हाला हसता येतं.