पत्रातली मुंबई

उद्या गावाहून आलेल्या आईला मुंबई दाखवायची, या विचाराने जोतीरामला रात्रभर झोप लागली नव्हती. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात नऊ वर्षं गोण्या वाहिल्या, पण वाशीचा पूल ओलांडून मुंबईत जायला त्याला मुहूर्त लागला नव्हता. पत्रांतून मात्र त्याने गेटवे, राणीची बाग, चौपाटी, सगळं बघून टाकलं होतं. साताऱ्याकडच्या त्याच्या गावात गुरव ती पत्रं पारावर मोठ्याने वाचायचा.

दुपारी त्याने जोडीदार धनाजीकडून बसचे नंबर लिहून घेतले. ते काही केल्या पाठ होईनात.

संध्याकाळी जीव रमेना, म्हणून तो आईला वाशीच्या खाडीकाठी घेऊन गेला. रुंद रस्ते, गुलमोहर, पाण्यात उतरलेलं तांबडं आभाळ. वेणूबाई ऐसपैस बसली.

"किती ग्वाड गाव हाय रं! ह्याचं कधी लिवलं न्हाईस?"

"ह्यात काय लिवायचं, आई?" खिशातला कागद घामाने भिजला होता.

"जे बघितलंस ते." तिने पाण्यावरची नजर काढली नाही. "उद्या हितंच फिरू. मुंबईचं गावात काय सांगायचं, ते मलाबी पाठ हाय."