दोन नरहर आणि मी

मी एक मॅक्रो बोलतोय. म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेले चार हुकूम. बटण दाबलं की मी सुटलोच! स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही, आणि मला रक्त तरी कुठलं म्हणा. काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत, ढुंढिराजशास्त्र्यांच्या पुढच्या खोलीत सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. वीज गेली की मी गप्प, आली की वळवळ सुरू.

शास्त्रीबुवा पेशानं उपाध्ये. महाराष्ट्रातल्या शंभरेक घराण्यांची श्राद्धं ते तिथीला गंगेवर करायचे आणि तसं पोस्टकार्ड घरी धाडायचे. नावं वहीत असत. वहीला वाळवी लागली, तेव्हा त्यांच्या लेकीनं, ईशानीनं, सगळी नावं कॉम्प्युटरवर चढवली. ती विद्यापीठात शिकत होती, डोक्यानं तल्लख. मग शास्त्रीबुवांनी वही हात जोडून गंगेत सोडली.

श्राद्धात नावं तीन पिढ्यांची. घरात कुणी गेलं की त्याचं नाव येतं आणि सगळ्यात जुनं गळतं. ते गाळायला ईशानीनं मला बनवलं. मी पडद्यावर एक छोटी पाटी पुढे करायचो, ‘कोणतं नाव काढायचं?’ ती नाव लिहायची, आणि त्या नावाच्या ओळी मी यादीतून उडवायचो.

आधी माझ्यात एक खोट होती. मी वरून खाली जायचो. सातवी ओळ काढली की आठवी वर सरकून सातवी व्हायची, आणि मी आपला पुढे उडी मारून मोकळा. एकाच नावाच्या दोन ओळी लागून असल्या तर दुसरी वाचायची. ईशानीच्या ते लक्षात आलं आणि तिनं मला खालून वर चालायला शिकवलं. “बाबा, हो गया. आता एकही सुटणार नाही,” ती म्हणाली. मलाही मोठा अभिमान वाटला.

त्या पावसाळ्यात साताऱ्याहून पत्र आलं. एका घरातला कर्ता मुलगा गेला होता. त्याचं नाव घालायचं, त्याच्या पणजोबांचं काढायचं. ईशानीची परीक्षा तोंडावर होती. तिनं पाटीत भरभर लिहिलं, नरहर बाळकृष्ण.

आता आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण घाईत कुणाला आठवतंय! पणजोबा नरहर, त्यांचा मुलगा बाळकृष्ण, त्याचा मुलगा, म्हणजे आत्ता गेलेल्याचा बाप, पुन्हा नरहर. दोन्ही नरहरांच्या बापाचं नावसुद्धा एकच. यादी अक्षरवार लावलेली, म्हणून दोघे एकाखाली एक. मी खालून निघालो आणि दोघांनाही नेलं. ईशानीनं तीच यादी फ्लॉपीवर उतरवून ठेवली. माझ्या हातून गेलेलं परत येत नाही.

मला तेव्हाच चुटपुट लागली. माणूस एक काढायचा, मग ओळी दोन कशा? पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि विचारतो कोण! दिवाळी गेली, माघ आला आणि गेला. मी आत तळमळत राहिलो.

चैत्रात दारात एक म्हातारी उभी राहिली. साताऱ्याच्या इंदूबाई, गेलेल्या मुलाची आई. यात्रा कंपनीबरोबर आलेल्या. बाकीचे मणिकर्णिकेकडे गेले, ह्या गल्ली विचारत विचारत इथे पोचल्या. पाण्याचा पेलाही हातात घेतला नाही. पिशवीतून त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. दर माघातलं एक, अशी एकोणीस. यंदाचं नव्हतं.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “मुलाचं नाव घातल्याचं कळवलंत, मग ह्यांना का काढलंत?”

ईशानीनं यादी उघडली. मुलगा होता, सासरे होते, मधली ओळच नव्हती. तिचा चेहरा उतरला. शास्त्रीबुवांनी सरळ सांगितलं की चूक आमच्या घरची आहे, राहिलेलं श्राद्ध येत्या अमावास्येला करतो. ईशानी गडबडून म्हणाली, नाव सांगा, आत्ता लिहिते. तशी शास्त्रीबुवा तिच्यावर डाफरले. अगं, त्या कशा नाव घेतील? कार्डावर बघ.

इंदूबाईंनी गठ्ठा छातीशी धरला.

“थांबा. मुलगा होता तोवर तो घ्यायचा. आता मी नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं?”

त्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, “नरहर बाळकृष्ण. माघ शुद्ध नवमी.” उखाण्याबाहेर जन्मात पहिल्यांदा. ईशानीनं एकेक अक्षर जपून लिहिलं, आणि डोळे पुसले ते मात्र शास्त्रीबुवांनी.

इंदूबाई गेल्यावर ईशानीनं मला पुन्हा उघडलं. आता प्रत्येक ओळीपाशी मी थांबतो. नाव, बापाचं नाव, तिथी दाखवतो आणि विचारतो, ‘ही ओळ काढू का?’ माझ्यासारख्या उतावळ्याला हे थांबणं म्हणजे शिक्षाच. पण थांबतो.

तुम्हाला एवढंच विनवतो. माझी पाटी समोर आली की झटकन ‘होय’ दाबू नका. त्या ओळीतलं नाव आधी एकदा तोंडानं घ्या, मग काढा.