पहिल्या रांजणाची दोरी

कोठीत पाच रांजण होते. डावीकडचा सर्वांत जुना, उजवीकडचा सर्वांत नवा. प्रत्येकाच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद, वर कापड आणि त्याभोवती केळीच्या सोपटाच्या दोरीचे सात घट्ट वेढे. पहिल्या रांजणावर मात्र पाचच वेढे होते. ते मी बांधले होते.

दुसऱ्या महायुद्धाआधीचे आमचे सातही रांजण लढाईत फुटले. हा पहिला पणजोबांनी १९५८ साली भरला. त्यातून पेलाभर आवामोरी काढली, की तेवढीच दुसऱ्यातून त्यात घालायची, तिसऱ्यातून दुसऱ्यात, अशी शेवटपर्यंत. तांदळाची ही दारू जुन्याच्या संगतीत मुरते, असं आजोबा म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी खुबा मोडून आजोबा नाहा शहरातल्या दवाखान्यात पडले आणि कोठीची किल्ली त्यांनी मला दिली. मी नुकतीच प्रयोगशाळेत लागले होते. कुणाला न विचारता पहिल्यातून दोनशे मिलिलिटर नमुना काढला. मद्यार्क चव्वेचाळीस पूर्णांक दोन टक्के. पातळी काठाखाली दोन सेंटीमीटर. बांधताना दोरी तुटली. उरलेल्या दोरीत पाचच वेढे बसले, म्हणून खाली एक रबरबँड लावलं. पुढच्या आठवड्यात नवी दोरी आणू, म्हटलं. भरही घातली नाही.

आज आजोबांच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाचा सोहळा. शुभ म्हणून पाहुण्यांना द्यायच्या, तांदळाचं माप सपाट करायच्या बांबूकाठ्या ओसरीवर रचून ठेवल्या होत्या. आजोबांनी स्वतः पहिला रांजण सोडला. कापडाखालून रबराचे वाळके तुकडे पडले. त्यांनी बोटभर पेल्यात ओतून ओठाला लावली आणि पेला खाली ठेवला.

"पाणी," ते म्हणाले.

तोमिको आत्या लगेच काकांकडे वळल्या. "चोएई, मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणे. तू तर वर पाणीही ओततोस!"

"अगं ताई, मी प्यायलो असतो तर रांजणासकट प्यायलो असतो!"

सगळे हसले. काकांचं हसू मात्र लवकर विरलं. आजोबा त्यांच्याकडे बघत होते.

"चोएई, खरं सांग."

"आबा, शपथ. लग्नातसुद्धा तुम्ही मला चौथ्यातलीच दिलीत. पहिल्याला हात लावायची माझी हिंमत आहे का?"

"हिंमत नाही, तहान आहे!" आत्या म्हणाल्या. या वेळी कोणी हसलं नाही. काका मान खाली घालून सदऱ्याच्या बाहीचं बटण लावू लागले. ते आधीच लावलेलं होतं.

मी आणखी गप्प बसले असते, तर ते काकांच्याच नावावर गेलं असतं. आयुष्यभर.

"आजोबा, रबरबँड माझं आहे."

मी सगळं सांगितलं. नमुना, दोरी, पाच वेढे. आत्यांनी काकांकडे न बघता त्यांच्यापुढे गोड वड्यांची ताटली सरकवली. काकांनी वडी घेतली नाही.

"दोरी तुझ्या आजीने वळली होती," आजोबा म्हणाले. "मला सांगितलं असतंस, तर उरलेली कुठे आहे ते दाखवलं असतं." त्यांनी रबराचे तुकडे उचलून माझ्या हातावर ठेवले. "तेव्हा मोजलं होतंस ना? मग आजही मोज. सगळ्यांसमोर, मोठ्याने."

मी गाडीतून मद्यार्क मोजायचा हायड्रोमीटर आणला. तीन वेळा मोजलं.

"पातळी काठाखाली अकरा सेंटीमीटर. मद्यार्क एकोणीस पूर्णांक सहा टक्के. पाणी ओतलं असतं, तर पातळी उतरली नसती; मद्यार्क सैल दोरीतून उडून गेलाय."