दम घ्यायच्या जागा

माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या मढ गावाला माहीत आहे. त्यामुळे आधीच सांगून टाकते, दादाच्या लग्नाच्या त्या मे महिन्यात मी घरातल्या एकूण एक माणसाशी भांडले. आईशी भांडले, दादाशी भांडले, लॅपटॉपशीसुद्धा भांडले. आता त्याच सगळ्यांचे उपकार मानायला बसलेय. लॅपटॉपचे नाही, तो अजून तसाच नालायक आहे.

आमचे आबा, म्हणजे कुंडलिक क्लॅरोनेटवाले. आमच्या खोऱ्यात हळद असली की बँडबरोबर आबा असायचेच. हळद लावताना वाजवायची एक चाल त्यांनी स्वतः बसवली होती. तिला नाव नाही, शब्द नाहीत. बायका नुसतं म्हणायच्या, "कुंडलिकभाऊ, ती तुमची वाजवा." आणि आबा डोळे मिटून ती वाजवायचे. पुढे त्यांना दम लागायला लागला. जुन्नरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, क्लॅरोनेटला परत तोंड लावायचं नाही. आबांनी ते पेटीत ठेवलं, पेटी माळ्यावर टाकली आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. राग माझ्याकडे कुठून आला देवाला ठाऊक, आबांकडून नक्कीच नाही.

त्या चालीचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं. एका लग्नाचा व्हिडिओ मिळाला, तर त्यात नुसता ताशा ऐकू येतो आणि कुणीतरी "आइस्क्रीम संपलं का?" म्हणून ओरडतंय.

मग दादाचं, म्हणजे सूरजचं, लग्न ठरलं. त्याच्या मित्रांनी हळदीला डीजे सांगून ठेवला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "ज्या माणसानं गावभर हळदी वाजवल्या, त्याच्या पोराची हळद डीजेवर? लाज नाही वाटत?" मी जुन्नरला कॉम्प्युटर क्लास घेते, पण पुण्यात कॉलेजला असताना इलेक्ट्रिक गिटार शिकले होते. लाल रंगाची, सेकंडहँड. मी म्हटलं, मी वाजवते आबांची चाल. घरी रेकॉर्ड करते आणि हळदीला तीच लावायची.

दादा म्हणाला, "हर्षे, आबांना पटलं तर तुझं गाणं. त्यांना पटलं न्हाई, तर डीजे. बास."

सोपं वाटलं मला. मी लगेच आबांना साधं वाजवून दाखवलं. ते म्हणाले, "बरंय."

आता हे 'बरंय' काय असतं ते सांगते. आबा वाईट कधी बोलत नाहीत. दुसऱ्या गावचा बँड बेसूर वाजवत असला आणि कुणी विचारलं, तर आबा म्हणायचे, "बरंय." तोच सूर, तेच तोंड. पोटच्या पोरीला परक्या बँडवाल्यासारखं 'बरंय'! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पण चूक माझीच होती, ते ऐकू येत होतं. आबांचं क्लॅरोनेट स्वच्छ वाजायचं, प्रत्येक मुरकी वेगळी कळायची. पण सूर वर चढला की त्याच्या कडेला जराशी खरखर यायची. नव्या लुगड्याची घडी मोडताना येते ना, तेवढीच. ती खरखर आली की बायका ओल्या डोळ्यांनी हळद लावायच्या. माझी साधी गिटार नुसती टिंगटिंग करत होती.

गिटारच्या ॲम्पवर, म्हणजे तिच्या स्पीकरच्या डब्यावर, गेन नावाचं एक बटण असतं. ते जितकं फिरवाल तितका सूर फाटतो. मी फिरवलं. खरखर आली, पण मुरक्या सगळ्या एकमेकीत कालवल्या गेल्या. कमी केलं, तर परत टिंगटिंग. मधे कुठेतरी ती जागा होती, स्वच्छही आणि किंचित फाटलेलीही, आणि मला तिथे थांबताच येत नव्हतं. कारण घरघर.

ॲम्प लावला की मागे एक घरघर सुरू व्हायची. तारांवर हात असला की कमी, हात उचलला की जास्त. गेन कमी ठेवला तर सूर लवकर विझायचा आणि मागे ती घरघर तेवढी उरायची, जेवण झाल्यावर उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखी. म्हणून मी गेन वाढवायचे, सूर लांबवायचे, एक संपायच्या आत दुसरा धरायचे. कुठे म्हणून फट ठेवायची नाही, कारण फट ठेवली की घरघर आत शिरलीच.

दिवाळीत घरी वाजवली होती, तेव्हा हे असलं काही नव्हतं. म्हणजे गिटारच बिघडली, असं मी ठरवलं. केबल बदलली. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला. घरघर कापणारं सॉफ्टवेअर घातलं, त्याने सुरांच्या शेपट्याही कापल्या. एका रविवारी एसटीने गिटार पुण्याला नेली. दुरुस्तीवाल्याने खोलली, बघितली, वाजवली आणि म्हणाला, "मॅडम, एकदम ओके आहे." त्याच्याशीही भांडले.

घरी आले तर इकडे आईचा तोंडाचा पट्टा चालू. दादाने लग्नासाठी नवं बाथरूम बांधलं होतं. निळ्या फरश्या, शॉवर, सगळं. तेव्हापासून आईची मागची केळ वाळायला लागली होती, आणि आई रोज दादाला ऐकवायची, "तुझ्या त्या शावरनं माझी केळ खाल्ली!" दादा म्हणायचा, "आई, शॉवर केळी खात न्हाई." मी कानाला हेडफोन लावून बसायचे. माझं मला कमी होतं का?

मी परत वाजवायचे, परत आबांना ऐकवायचे. आबा ओसरीवर बसून पूर्ण ऐकायचे, मधेच उठायचे नाहीत. आणि शेवटी म्हणायचे, "बरंय गं. दमलीस तू."

हळद दोन दिवसांवर आली तेव्हा आबा मला म्हणाले, "हर्षाली, लावू दे त्यांना डीजे. पोरांची हौस हाय." अगदी शांतपणे म्हणाले. मी आत जाऊन गोधड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडले. राग नव्हता तो. मला खरंच वाटलं की ती चाल आता संपली. आबांच्या डोक्यात आहे तोवर आहे, आणि मग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. सगळ्यात पुढे झुंबरआत्या. आबांची थोरली बहीण, आहुप्याला दिलेली. आत्या आली की घर आत्याचं होतं. दादाने मोठ्या कौतुकाने तिला नवं बाथरूम दाखवलं. आत्याने आत डोकं घालून बघितलं आणि म्हणाली, "ह्या डबीत मला कोंडतोस व्हय रं? मी आपली दगडावर आंघोळ करणार. लहानपणापासनं तिथंच केलीया."

घरामागे आमची जुनी न्हाणी आहे. एक मोठा दगड आणि तीन बाजूंनी कुडाचा आडोसा. बाथरूम झाल्यापासून तिथे कुणी गेलं नव्हतं. दादाचं तोंड एवढंसं झालं. आत्या गेली, तिच्या मागे तिच्या दोन जावा गेल्या, मग त्यांच्या सुना. आईने चूल पेटवून पाणी तापवायला ठेवलं. सकाळभर मागे नुसतं तांब्या आणि बादली.

मी माजघरात बसले होते. म्हटलं, शेवटचं एकदा वाजवू, आपल्या समाधानासाठी. ॲम्प लावला, गिटार मांडीवर घेतली आणि थांबले. तारांवर हात नव्हता, तरी घरघर नव्हती.

मला वाटलं लाइट गेली. पण ॲम्पचा लाल दिवा चालू होता. तार छेडली, सूर आला. हात उचलला, शांतता. अशी शांतता मी त्या घरात कित्येक महिने ऐकली नव्हती. मी गिटार ठेवली आणि मागे धावले.

न्हाणीतलं पाणी पूर्वीसारखं दगडावरून घळीतून केळीकडे चाललं होतं. आणि केळीच्या बुंध्याशी, भिंतीवरून उतरलेल्या तारेला जोडलेला, अर्थिंगचा लोखंडी पाइप जमिनीत पुरलेला होता. वायरमनने तो मुद्दाम तिथे पुरला होता. तिथली माती कायम ओली, म्हणून. आमच्या आंघोळी होत होत्या तोवर अर्थिंगला पाणी मिळत होतं. दादाने बाथरूम बांधलं, पाणी पाइपातून शोषखड्ड्यात सोडलं आणि इकडे जमिनीला भेगा पडल्या. माती सुकली की अर्थिंग नीट लागत नाही, आणि मग ॲम्प घरघरतो. आई केळीसाठी ओरडत होती, मी गिटारसाठी. दोघींचं दुखणं एकच होतं, आणि मी केळीकडे एकदा वळून बघितलं नव्हतं.

मी तिथेच ओरडले, "अजून कोण आंघोळीचं राहिलंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जो राहिलाय त्याने दगडावरच करायची! बाथरूमला कडी!"

दादा म्हणाला, "अगं, मग मी शॉवर कशाला बसवला?"

"गप ए," आत्या म्हणाली. "पोरगी काय म्हणतीया ते ऐक." मग स्वतःच्या जावयाकडे वळली, "जावईबापू, चला, उठा. आंघोळीला."

ज्यांच्या झाल्या होत्या त्यांनीही हातपाय धुतले तिथे. मे महिना, पाणी जपून वापरायचे दिवस, पण आंघोळी तर व्हायच्याच होत्या, फक्त जागा बदलली. आत्याच्या एका जावेने तर दादाला डोळा मारून विचारलं, "नवरदेव, तुमाला बी ढकलू का दगडावर?"

मी आत आले. पाहुण्यांसाठी काढलेल्या गोधड्या ॲम्पच्या मागे आणि बाजूला रचल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. माइक स्पीकरच्या अगदी मधोमध नको, जरा कडेला वळवला. गेन खाली आणला, पावपेक्षा थोडा वर. ॲम्पचा आवाज मात्र वाढवला. खर्ज कमी केला. आता हळू छेडली तर तार स्वच्छ बोलत होती, आणि जोरात छेडली तर सुराच्या कडेला जराशी खरखर येत होती. तीच लुगड्याची घडी. इतके दिवस ती बटणात शोधत होते, ती माझ्या बोटाच्या जोरात होती. पण घरघर असताना ते कळणार कसं?

आईने मिक्सर बंद केला. आत्याने पोरांना अंगणात हाकललं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

मी चाल सुरू केली, आणि पहिली ओळ संपल्यावर थांबले. आपोआप थांबले. लहानपणी आबा सराव करायचे तेव्हा मी त्यांना चिकटून बसायचे. दम घ्यायला त्यांची छाती फुगली की त्यांचं कोपर माझ्या बरगडीला लागायचं. ओळ, कोपर, ओळ, कोपर. चाल माझ्या कानात होती, पण दम घ्यायच्या जागा बरगडीत होत्या. आणि घरघरीच्या भीतीने त्या सगळ्या मी बुजवून टाकल्या होत्या. आबांची चाल मी दमच न घेता वाजवत होते! कशी पटणार त्यांना?

वाजवून झालं. मी बाहेर जाऊन आबांना हेडफोन दिला. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता 'बरंय' येणार म्हणून.

आबा म्हणाले, "परत लाव."

परत लावलं.

"ती तिसरी ओळ हाय ना," आबा म्हणाले, "तिथं दम घ्यायला मी जरा जास्त थांबायचो. तू लवकर उचललीस. आन् शेवटची मुरकी घाईत गेली बघ."

आबा चूक काढत होते! इतके दिवस गोड बोलून मला वाटेला लावणारे आबा माझी चूक काढत होते. मला इतका आनंद झाला की मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडले. ते म्हणाले, "अगं हो हो, आधी नीट वाजव." मी आत पळाले, तिसऱ्या ओळीनंतर पुरेशी थांबले, मुरकी सावकाश घेतली. या वेळी आबांनी हेडफोन काढला आणि दादाला हाक मारली. "सूरज, त्या डीजेवाल्याला सांग, हळद लागल्यावर ये म्हणावं. आधी न्हाई."

हळदीच्या दिवशी अंगणात स्पीकर लावला. आईने दादाच्या कपाळाला हळद लावली आणि मी रेकॉर्ड केलेली चाल लावली. अंगणातल्या म्हाताऱ्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. एकीने पदर डोळ्याला लावला. आई हळद लावायची थांबलीच, हात दादाच्या गालावर तसाच. दादा, माझा शॉवरवाला दादा, खाली मान घालून रडत होता. मग हळद उतरवायला आईने त्याला जुन्या दगडावरच बसवलं, आणि पिवळं पाणी घळीतून केळीकडे गेलं. केळीची पानं तोवर जराशी सावरली होती. मी मनातल्या मनात सगळ्यांच्या पाया पडले. आत्याच्या, तिच्या जावांच्या, त्या दगडाच्या, पुण्याच्या दुरुस्तीवाल्याच्याही.

आबा खांबाला टेकून उभे होते. डोळे मिटलेले. ओळ संपली की त्यांची छाती फुगायची, आणि पुढची ओळ लागली की हळूहळू खाली जायची. तिसऱ्या ओळीनंतर जरा जास्त वेळ.

झुंबरआत्या त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "कुंडलिका, पोराची हळद हाय, आन् तू असा गुमान काय उभा?"

आबांनी डोळे उघडले नाहीत.

"थांब गं," ते म्हणाले. "वाजवतोय मी."