बिस्किटांच्या डब्यातली हार्ड डिस्क

टक्.

दुपारच्या शांततेत डब्याचं झाकण निघालं. आतल्या बटणांवर उजेड पडला, आणि कितीतरी वर्षांनी माझ्यावरही.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या पोटात बसून सगळं लक्षात ठेवणं हे माझं काम. दिसायला मी साधीच, तुमच्या कंपासपेटीहून थोडी जाड, हातात घेतली तर जड. पण माझ्या आत आरशासारख्या चकत्या आहेत. त्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीकसा हात केसाहूनही कमी अंतर राखून सरकत असतो. तो चकतीला घासला की मी जखमी होते. म्हणून मला आपटायचं नसतं.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीच्या कणालाही आत यायची बंदी होती. तिथून निघाले ती थेट भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात येऊन पडले. बाजूच्या गाळ्यात दिवसभर पॉलिशची चाकं किंचाळायची आणि हवेत काळी भुकटी उडायची. शेठजींनी माझ्या संगणकासाठी काचेची वेगळी केबिन केली होती. आत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. देवळाबाहेर असतात तशा माझ्या दाराबाहेर चपला असायच्या. तेव्हा मला वाटायचं, आपण कोणीतरी मोठ्या आहोत.

मला सांभाळायला सुलू यायची. तारोडी गावची मुलगी, बस पकडून यायची. टायपिंगची परीक्षा झालेली, बोटं वाऱ्यासारखी. आल्या आल्या ओढणीच्या टोकानं पडदा पुसायची.

आपल्याकडे लग्नाची भांडी घेतली की त्यांवर नाव घालतात, ठाऊक आहे ना? ती नावं सुलू टाइप करायची आणि मी लक्षात ठेवायची. चि. अनसूया हिस मामांकडून. चि. आत्माराम यास काकांकडून. कागद छापून बाहेर गेला की नाव घालणारा माणूस तो समोर ठेवून तांब्यांवर आणि टोपांवर टिकटिक करत अक्षरं कोरायचा.

"इस डब्बे ने आज तक एक भी नाम गलत नहीं किया," शेठजी एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले.

"डब्बे ने नहीं शेठजी, मैंने," सुलू म्हणाली. शेठजी हसले. मीही हसले असते, पण मला फक्त गुरगुरता येतं.

मग एक दिवस तिनं स्वतःचं नाव टाइप केलं. 'चि. सुलू हिस आईकडून.' ते तांब्यावर गेलं आणि तांब्याबरोबर सुलूही गेली, गोडदेवला, लग्न होऊन.

पुढे कारखान्यात नवा संगणक आला. माझ्या दारातल्या चपला तिकडे गेल्या. मी कोपऱ्यात, आणि माझ्यावर कॅलेंडरांचा गठ्ठा. सुलू लेकीचे पेढे द्यायला आली तेव्हा शेठजी म्हणाले, "ये मशीन ले जा बेटा. तूने ही संभाला था." टेम्पोतून गोडदेवला येताना खड्ड्यात एक असा दणका बसला की माझ्या पोटात काहीतरी खरवडलं. घरी आल्यावर संगणक सुरूच होईना. सुलूच्या नवऱ्यानं, स्वरूपनं, मला बाहेर काढलं, हलवून पाहिलं आणि बिस्किटांच्या डब्यात टाकलं. डबा माळ्यावर गेला. तिथे मी, तुटकी बटणं आणि कुलपं हरवलेल्या चाव्या. कुणालाच कुणाचा उपयोग नव्हता.

त्या दुपारी झाकण काढलं ते सुलूनं. पण या घरात तिला कुणी सुलू म्हणत नव्हतं. इथे ती मानसी होती. तिची लेक, पूर्वी नाव तिचं, शाळेत अक्षरं शिकून आली होती आणि दिसेल ते वाचत सुटली होती. पाण्याच्या तांब्यावर तिनं वाचलं, "सु... लू... आजी, सुलू कोण?"

"तुजी आईस," तिची आजी सत्यवती म्हणाली. "आमचे घरान येवाचे आदी सुलू व्हती. ही भांडी आली तवा मी बोलले, आमचे घरान सुलू कोन न्हाय, दुसऱ्याची भांडी तर न्हाय ना आनली?"

असं म्हणायची, पण पाणी रोज त्याच तांब्यानं प्यायची.

मानसीच्या मनात एक गोष्ट होती. लेक शाळेत जाऊ लागली होती. आता घरच्याच खोलीत आळीतल्या मुलींना संगणक शिकवायचा. चार मुलींनी सोमवारपासून येतो म्हणून सांगितलंही होतं. बाकी संगणक ठीक होता, नव्हते ती फक्त मी. नवी डिस्क आणणं घराला झेपणारं नव्हतं. मी चालले तर वर्ग सुरू होणार, नाहीतर मुली जेसल पार्कच्या क्लासला जाणार आणि मानसीची बोटं पुन्हा नुसती कणीक मळणार.

"अगं, भंगारवालापण घेणार नाही ती," स्वरूप म्हणाला. "सोमवारी पोरींना काय दाखवणार, बिस्किटाचा डबा?"

"दाखवीन. निदान डबा उघडायला तरी शिकतील."

तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानातल्या गणेशकडून डिस्क पूर्ण पुसून पुन्हा चालती करणारी एक फ्लॉपी घेऊन आला. नुसतं वरवर पुसलं तर मी फक्त अनुक्रमणिका विसरते, पानं तशीच राहतात. ही फ्लॉपी माझ्या प्रत्येक जागी शून्य लिहिणार होती. खराब जागा सापडली तर तिच्यावर खूण करून पुढे जाणार होती.

मानसीनं मला जोडलं, पण लगेच सुरुवात केली नाही. पायात चपला सरकवून ती कोपऱ्यावरच्या पीसीओवर फोन करायला गेली. परत आली तेव्हा स्वरूप दारातच होता.

"कुठे गेलीस एवढ्यात?"

"शेठजींना विचारायला. त्यांच्या गिऱ्हाइकांची नावं आहेत आत."

"त्यात विचारायचं काय? दिलं ना तुला?"

"मशीन दिलं. नावं नाही दिली."

"मग, काय म्हणाले?"

"साफ कर दे बेटा, पूछा अच्छा किया, म्हणाले."

स्वरूप कामाला गेला. आजी स्वयंपाकघरात होती. मानसीनं फ्लॉपी घातली. पडद्यावर अक्षरं उमटली. तिनं ती पूर्वीला मराठीतून सांगितली, "यातलं सगळं जाईल. पुढे जायचं का? हो असेल तर वाय, नको असेल तर एन."

"हे विचारतंय आपल्याला?" पूर्वीला फार गंमत वाटली.

"हो, विचारल्याशिवाय पुसत नाही ते. दाब, वाय दाब."

पूर्वीनं एक बोट टेकवलं आणि मी फिरू लागले.

पुसताना दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखत नाही. अनसूया गेली, आत्माराम गेला, सगळे मामा-काका गेले. त्यांची लग्नं कधीच झाली होती, नावं तांब्यांवर पक्की होती. मी उगाच धरून बसले होते. हलकं हलकं वाटत होतं, आणि तेवढ्यात ती जागा आली, टेम्पोत खरवडलेली. कर्र. कर्र. माझा हात तिथेच अडखळू लागला. किती पुसून झालं ते दाखवणारा पडद्यावरचा आकडा हलेना.

मानसीनं माझ्यावर तळहात ठेवला. ताप पाहतात तसा.

आतून मिक्सरचं भांडं बसवल्याचा आवाज आला. तो मिक्सर लावला की घरातले दिवे मिणमिणतात, कधी फ्यूजही उडतो.

"आत्या, आत्ता मिक्सर लावू नका हं," मानसी सासूला ओरडून म्हणाली.

"का? तुजा डबा घाबरतंय काय मिक्सरला?"

"वीज गेली तर सगळं फुकट जाईल. सोमवारी वर्ग आहे."

आत मिक्सरचं भांडं काढून ठेवल्याचा आवाज आला. मग पाट्यावर वरवंटा फिरू लागला. घसर, घसर. "गुडघ्यांनी काय पाप केलंय माज्या," आजी पुटपुटत होती, पण वाटत होती.

त्या लयीत मीही पुन्हा जोर लावला. कर्र, कर्र, आणि सुटले. त्या जागेवर खूण झाली आणि मी पुढे सरकले. पुढची जागा स्वच्छ होती. तिच्या पुढचीही.

"झालं," मानसी म्हणाली. "थोडी जागा खराब आहे, बाजूला ठेवली. बाकी सगळी चांगली आहे." तिचा आवाज कारखान्यात यायचा तसा आला.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. जुनी वस्तू फेकायच्या आधी एकदा लावून बघा. तिच्यात दुसऱ्या कुणाचं काही असेल, तर त्याला विचारा आणि मगच पुसा. आणि एक जागा दुखावली म्हणून कुणालाही डब्यात घालू नका.

आता पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. या डिस्कला नाव काय द्यायचं? मानसीची बोटं कळांवर थांबली. मग तिनं टाइप केलं आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. एस. यू. एल. यू.

"सुलू?" पूर्वी म्हणाली. "तांब्यावरची?"

"हो, तीच."

"मग तुझं मानसी कोणी केलं?"

"बाबांनी. लग्नात ताटभर तांदूळ पसरले आणि त्यात अंगठीनं लिहिलं. मी वाचलं तेव्हा मला कळलं. मग सगळ्यांना पेढे वाटले."

पूर्वीनं कळफलकाकडे पाहिलं. वायवर एक बोट ठेवलं, एनवर दुसरं.

"आई, लिहायच्या आधी तुला विचारलं होतं? वाय का एन?"

आत वरवंटा थांबला.