चालत्या गाडीचा शटडाउन

मरोद्यात शालिकरामचं घर कोणी नावानं सांगत नसे. 'प्लास्टिक गाडीवाले' म्हटलं की पानठेल्यावरचाही हातानं घर दाखवायचा. आता पाहा, अख्खं शहर लोखंडाच्या कारखान्यावर जगतं, आणि ह्या माणसानं घरी आणली ती अमेरिकेची साठ वर्षं जुनी, बुटकी, दोन दारांची गाडी, जिच्या अंगाला चुंबकच चिकटत नाही! बॉडी फायबरची. शेजारपाजारचे चुंबक घेऊन यायचे, लावून पाहायचे आणि हसत घरी जायचे.

गाडी आली दुर्गहून. तिथल्या एका कंत्राटदाराचा जुना बंगला पाडायचा होता आणि शालिकराम पोराला घेऊन पाण्याचा पंप काढायला गेला होता. गॅरेजात कोंबड्यांच्या घाणीत ती उभी होती. त्यानं सहज म्हणून बॉनेट उचललं आणि झालं! शालिकरामची सगळी नोकरी कारखान्याच्या ब्लोइंग स्टेशनात गेलेली, म्हणजे भट्ट्यांना जिथून वारा पुरवतात तिथं. आणि इथं इंजिनाच्या शेजारी पट्ट्यावर फिरणारी एक गोल पेटी बसवलेली, इंजिनात जोरानं हवा कोंबणारी. सुपरचार्जर म्हणतात तिला. "अबे प्रवीण, हा तं आपला ब्लोअर होय!" म्हातारा ओरडला. मालक म्हणाले, न्या बाबा, जागा तरी मोकळी होईल. प्रवीणनं, त्याच्या एकुलत्या एक पोरानं, ती ट्रॅक्टरला दोर बांधून घरी ओढत आणली. सहा महिन्यांचं काम आहे असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

प्रवीणची पोरगी टीना तेव्हा बालवाडीत होती. आता ती चौथीत आहे, आणि नागपुरात आहे. त्याची बायको रेणू हिला तिथल्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा ठरलं ते असं की तिनं टीनाला घेऊन पुढं व्हायचं आणि गाडी झाली की प्रवीणनं मागून जायचं. म्हाताऱ्याला काचबिंदू, वरून बोटांना कंप. "डोकं माहं, हात तुहे," तो म्हणायचा. "एवढी गाडी उभी करून दे आणि मंग जाय ना लेका, मी कायले अडवू?"

खरंच, अडवलं कोणी होतं? नागपूरच्या गाड्या दिवसभर सुटतात. प्रवीणला काही साखळीनं बांधलेलं नव्हतं. दर वेळी तो पिशवी भरायचा, आणि दर वेळी अंगणात बाप दोन बोटांनी पट्टा चाचपत उभा दिसायचा, डोळे भलतीकडेच. मग पिशवी परत खुंटीला. स्वतःचीच चीड यायची त्याला, इतकी की जेवताना घास तोंडात फिरायचा.

आणि गाडी सुरू झाली नाही असं समजू नका. झाली, चांगली तीनदा झाली! पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा प्रवीणनं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर अंगणात चादर अंथरलेली, आणि तिच्यावर ब्लोअरचं पार बारीकसारीक सामान ओळीनं मांडून ठेवलेलं. मधे म्हातारा मांडी घालून बसलेला.

"बाबा! हे काय करून राहिले?"

"शटडाउन घेतला. मस्त चालून राहिली होती ना, तेव्हाच खोला लागते. बंद पडल्यावर खोलून काय फायदा?"

आता ह्यात त्याची चूक तरी काय म्हणावी? उभा जन्म त्यानं तेच केलं. भट्टीचा वारा तुटला तर आतलं सगळं जागच्या जागी गोठतं, म्हणून कारखान्यात ब्लोअर बिघडायची वाट कोणी पाहत नाही. धडधाकट असतानाच बंद करून खोलतात, घासतात, पुन्हा बसवतात. पण अहो, तिथं एक खोलला की वारा द्यायला दुसरा तयार असतो. ह्या घरात दुसरं काहीच नव्हतं, ना गाडी, ना पोरगा. हे म्हाताऱ्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पुन्हा जोडायचं म्हणजे कधी बेअरिंग मिळत नसे, कधी सील बाहेरून मागवावं लागे आणि महिने निघून जात. तीनदा सुरू झाली आणि तीनदा चादरीवर आली.

मागच्या आठवड्यात रेणूचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, आणि त्यालाच तो घाबरला.

"प्रवीण, इकडच्या वर्कशॉपात सोमवारपासून तुमचं काम पक्कं झालं. रविवारी रात्री जेवाले या. नाही आले तं मंग येऊच नका. मी भांडून नाही राहिली. मी थकली आता. पोरगी रोज विचारते, आणि मले रोज खोटं बोला लागते."

"येतो," प्रवीण म्हणाला. "आईशप्पथ येतो."

शनिवारी गाडी चौथ्यांदा सुरू झाली. बापाला शेजारी बसवून प्रवीणनं ती जवळच्या बोरसीपर्यंत नेऊन आणली. पाय दाबला की ब्लोअर शीळ घालायचा आणि पाठ सीटला चिकटायची. म्हातारा रडत होता आणि हसतही होता. "आयक, आयक," एवढंच म्हणत होता. प्रवीणलाही भरून आलं, खोटं कशाला बोलायचं? त्या गाडीवर त्याचाही जीव होता, आणि हीच तर सगळी रड होती.

रविवारी सकाळी अंगणात चादर आलीच. पण ह्या वेळी प्रवीणची आई, सिंधुताई, पहाटेच उठून पान्यांच्या पेटीवर जाऊन बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ.

"ऊठ वो," शालिकराम म्हणाला.

"नाही उठत."

"अवो, शटडाउन घ्याचा आहे!"

"माहा घ्या शटडाउन! चार वर्षं झाली, नातीचं तोंड दिवाळीपुरतं दिसते. घरचा संसार खोलून ठेवला चादरीवर, तो कोण जोडन? तुमचा ब्लोअर?"

म्हातारा पेटीभोवती दोन चकरा मारून आला. मग भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला, आणि एकदम फारच लहान दिसायला लागला. बऱ्याच वेळानं खिशातून किल्ली काढून त्यानं हवेतच पुढं केली, प्रवीण उभा नव्हता त्या बाजूला.

"जाय. गाडीच घेऊन जाय. घरी राहिली तं मले राहावणार नाही."

प्रवीण पाया पडला. आईनं डबा दिला आणि दारात उभी राहून पदरानं डोळे पुसले. दुपारी दोनला तो निघाला.

दुर्ग सुटलं, राजनांदगाव सुटलं. काय सांगू, गाडी अशी चालत होती की ट्रकवाले मान बाहेर काढून पाहत होते! मीटरचे काटे जागच्या जागी, कुठं खडखड नाही, कुठं वास नाही. प्रवीण मोठ्यानं गाणं म्हणायला लागला. राजनांदगावच्या पुढं केव्हा तरी गाणं थांबलं. त्याचा कान शिळेकडे लागला होता. शीळ चांगली होती. जरा जास्तच चांगली होती. त्यानं खिडकीची काच खाली केली, वर केली, पाय सोडून पाहिला, दाबून पाहिला. काहीही नव्हतं. आणि जसजसं काही सापडेना तसतसा त्याला घाम फुटायला लागला. इतकी मस्त चालते आहे म्हणजे हीच वेळ आहे, दुसरं काय?

बागनदीच्या अलीकडे एका ढाब्यावर त्यानं गाडी लावली. पुढं पूल, आणि पुलापलीकडे महाराष्ट्र. हात नुसते शिवशिवत होते. 'मूर्खा, पुढं जाय,' तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला. चहा सांगितला, तो प्यायला नाही. मग त्यानं फोन लावला.

"कुठं पोचले?" रेणूचा आवाज चक्क हसरा होता. कित्येक वर्षांत त्यानं तो तसा ऐकला नव्हता.

"बागनदी."

"म्हणजे आलेच की! भाजी टाकतो मंग मी."

"रेणू, ब्लोअर एकदा खोलून पाहावा म्हणतो. घरी नेऊन. एक-दोन दिवस फक्त."

"कावून? आवाज येऊन राहिला?"

"नाही."

"तेल गळून राहिलं?"

"नाही. काहीच नाही. मस्त चालून राहिली."

आपण काय बोललो ते प्रवीणला स्वतःलाच ऐकू आलं होतं. सगळं कळत होतं हो त्याला! कळूनही जागचं हलता येत नव्हतं. रेणू म्हणाली, "मी नाही सांगणार आता तिले. तुम्हीच सांगा," आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"पापा! कितना टाइम लगेगा? मैं गेट पे खड़ी हूँ."

"बस बेटा, आ रहा हूँ," प्रवीण म्हणाला. फोन बाजूच्या सीटवर ठेवून त्यानं गाडी सुरू केली, आणि दुर्गच्या बाजूला वळवली.