पानाखालची काजळी

"कुसुमबाई, चाला, तुमच्या डोळ्यानं पाहा! कारखान्यानं माही काकडी खाल्ली!" गुलाबराव सकाळीच माह्या घरामागच्या बाडीत शिरले. हातात पानी माराचा पाइप होताच. रेल्वेतून रिटायर झाले तवापासून हा मानूस पाइपाबिगर मले दिसलाच नाही.

आमचं गाव रायपूरजवळ, सिलतऱ्याच्या कारखान्याईच्या अंगाला. अंगनात खाट टाकली तं दुपारपर्यंत तिच्यावरच्या काजळीत बोटानं नाव लिहिता येते. म्हनून इथं काही बिघडलं का सारे कारखान्याकडे बोट दाखवतात, दूध नासलं तरी. गुलाबरावच्या पॉलीहाऊसातल्या काकडीचे पानं वरून पिवळे पडले, खालून राखाडी लव आली, तं त्याईनं ठरवूनच टाकलं, काजळी! मंग रोज संध्याकाळी पान न् पान धुवाचं, अन् बाजूचे पडदे करकचून बांधाचे. आत एवढा दमटपना, का माह्या चष्म्यातून काही दिसे नाही.

पहिली बाग अशीच गेली होती. "हेही गेली तं सारं इकून रायपुरात पुरानी बस्तीतल्या खोलीत जाऊ," असं थे बोलून बसले होते. त्याईची बायको विजया काही जायले तयार नव्हती. तिचा जलम क्वार्टरात गेला, मातीत हात घालाचं सुख आत्ता कुठं भेटलं होतं.

तिनं पान उलटं करून त्याईच्यापुढं धरलं. "अहो, काजळी वरून पडते. मंग पानाच्या खालून काहून लागून राह्यली? वर तं प्लास्टिक हाय."

"हवेनं उडते."

"पडदे तं तुम्हीच बांधले."

"तुले काय समजते? तीस वर्सं इंजिनाची काजळी पाह्यली मी!"

अन् बसले कारखान्याच्या नावानं अर्ज लिहत. दुसऱ्या दिवसापासून नवा रायपूरचे सरकारी हापिस, ह्या टेबलावरून त्या टेबलावर. सकाळच्या बसनं जात, दिवस बुडता येत.

इकडे विजयानं पदर खोचला. आम्ही दोघींनी पडदे उघडले, लागलेले पानं तोडून दूर नेऊन जाळले. पानी फक्त मुळाशी, तेही सकाळीच. दुकानातून बुरशीचं औषध आनलं अन् पानाच्या पाठीवर मारलं. पाइप माह्या कोठ्यात लपवला.

"पाइप कुठं गेला?" गुलाबरावनं इचारलं.

"चोरीले गेला."

"कारखान्यावाल्याईनंच नेला असन!"

तिसऱ्या हप्त्यात शेंड्याले नवे पानं आले, हिरवेगार. काकड्या लटकल्या. गुलाबरावनं एक पान उलटून पाह्यलं, दुसरं पाह्यलं, अन् त्याईचे डोळे भरून आले.

"पाह्यलं, विजे? अर्ज देल्ला अन् काजळी बंद! भेव वाटलं त्याईले. आता नाही इकत मी हे बाग."

मी तोंड उघडनार, तं विजयानं माह्या पायावर पाय देल्ला.

"खरंच बाप्पा," विजया म्हने, "तुमच्यासारखा पिच्छा कोन पुरवन? पन एका अर्जानं काय होते? उद्या दुसरा द्या. डबा मी आत्ताच भरून ठेवतो."